तात्यांचा एक्स-रे आणि माझा एमआरआय

तर झालं असं, की मे महिन्यातल्या एका शनिवारी कोल्हापूरला घरी इन्व्हर्टरची बॅटरी उचलायला गेलो आणि कंबरेत उसण भरली. आवाज-बिवाज काही नाही. वाकलेला होतो, तो सरळच होता येईना. आईनं गरम पाण्याची पिशवी आणली, बाबांनी बाम चोळला आणि शेजारच्या काकूंनी गल्लीत पायाळू माणूस कोण आहे याची चौकशी सुरू केली. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लावला की उसण जाते, असा आपल्याकडे जुना समज आहे. मिळाले एक आजोबा. लावलासुद्धा. उसण होती तिथंच राहिली.)

आठवड्यात बरं वाटेल म्हणून पुण्याला परत आलो, खुर्चीत दहा-दहा तास बसलो, आणि दुखणं कंबरेतून डाव्या पोटरीत उतरलं. सहा आठवडे झाले तरी खोकलं की पायात वीज चमकायची. शेवटी कोल्हापुरातल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाय सरळ वर उचलून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेवर आणि चवड्यावर चालायला लावलं आणि म्हणाले, "एकदा एमआरआय करून घेऊ."

मला त्यात विशेष वाटलं नाही. बाबांचा चेहरा मात्र उतरला. रात्री जेवताना ते हळूच म्हणाले, "तात्याचं बी असंच सुरू झालं हुतं."

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. पेठेतल्या तालमीत तयार झालेला गडी. खासबागेत कुस्ती मारायची हे त्यांचं स्वप्न, आणि घरातल्या सगळ्यांचंच. १९९१ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांची कंबर धरली. एक्स-रे काढला. सांगितलं गेलं, "मणक्यात गॅप आहे." तीन महिने फळीवर झोपून राहायचं, वजन उचलायचं नाही, कुस्ती विसरायची. तात्यांनी सगळं ऐकलं. तीन महिन्यांनी उठले ते कंबरेला पट्टा लावूनच. तो पट्टा आजतागायत आहे, आणि तो एक्स-रे सुद्धा. कपाटाच्या मागं, मोठ्या तपकिरी पाकिटात.

मी आता अठ्ठावीसचा आहे. दर जुलैत आमचा ग्रुप पन्हाळा ते पावनखिंड चालतो. त्या रात्री झोप येईना तेव्हा मनात एकच: माझ्याही पाकिटात असंच एखादं वाक्य निघालं तर? झोप नाही म्हणून वाचायला लागलो, आणि कंबरदुखीच्या चित्रांचा इतिहास काढत बसलो. आपला स्वभावच तसा, बग आला की आधी जुने लॉग उघडायचे.

सुरुवात तात्यांच्या 'गॅप'पासून करू. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत वुर्झबर्गला विल्हेल्म राँटगेनला क्ष-किरण सापडले. त्याआधी जिवंत माणसाचा मणका चिरफाड न करता कुणी पाहिलेलाच नव्हता. कंबर दुखली की इंग्रज डॉक्टर त्याला लंबागो म्हणायचे, वात म्हणायचे, थंडी लागली म्हणायचे. आयुर्वेदात पायात उतरणाऱ्या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, कारण रोगी गिधाडासारखा चालतो. ही सगळी दुखण्याची वर्णनं होती. आत काय मोडलंय हे कुणी सांगत नव्हतं, कारण कुणाला दिसतच नव्हतं.

क्ष-किरणांनी हाड दाखवलं. पण फक्त हाड. दोन मणक्यांच्या मधे जी चकती असते, आपली डिस्क, ती क्ष-किरणांना जवळपास पारदर्शक. त्यामुळे एक्स-रेवर दोन मणक्यांत मोकळी जागा दिसते. म्हणजे गॅप तुम्हाला, मला, खासबागेतल्या पैलवानाला, सगळ्यांनाच आहे. तो असायलाच हवा, तिथं चकती आहे! कमी झाला तर चकती झिजली असावी, एवढाच अंदाज काढता येतो. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य महाराष्ट्रात लाखो लोकांनी ऐकलं असेल. त्याचा अर्थ 'तुम्हाला मणके आहेत' यापलीकडे फार जात नाही. हे रात्री दोन वाजता लक्षात आलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. (आणि उसण परत भरली. असो.)

चकतीवर बोट ठेवलं गेलं ते १९३४ मध्ये. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन सर्जननी दाखवलं की चकती फुटून तिचा गर मागे येतो, नस दाबतो आणि पायात कळ जाते. हे खरंच होतं आणि फार मोठं काम होतं. पण त्यानंतर झालं काय, की कंबरदुखीला एक गुन्हेगार मिळाला आणि पुढची कित्येक दशकं प्रत्येक गुन्हा त्याच्याच नावावर जायला लागला.

त्या गुन्हेगाराचा फोटो काढणं मात्र अवघड. मणक्याच्या कण्यात सुई घालून औषध सोडायचं आणि मग एक्स-रे काढायचा, याला मायलोग्राम म्हणत. डोकं दिवसेंदिवस ठणकायचं. १९७१ मध्ये लंडनला पहिल्यांदा रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. काम सोपं झालं, पण तेही क्ष-किरणच. पाण्यासारखी मऊ गोष्ट नीट बघायची तर वेगळंच काहीतरी हवं होतं.

ते वेगळं काहीतरी शास्त्रज्ञांच्या टेबलावर १९४६ पासून पडून होतं. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं, की हायड्रोजनचे अणुगर्भ जोरदार चुंबकात ठेवले आणि नेमक्या फ्रिक्वेन्सीच्या रेडिओलहरी सोडल्या, तर ते परत सिग्नल देतात. आपलं शरीर निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाण्यात हायड्रोजन. म्हणजे आपण सगळेच चालती-बोलती ट्रान्समीटर. प्रश्न एवढाच, की सिग्नल आला तर तो शरीराच्या कुठल्या कोपऱ्यातून आला हे कसं कळणार?

याचं उत्तर पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९७१ मध्ये सुचलं. चुंबकाची ताकद मुद्दामच एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त ठेवायची. मग प्रत्येक जागेची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि फ्रिक्वेन्सीवरून पत्ता काढता येतो. त्याचा पेपर 'नेचर'नं आधी साभार परत केला होता, तो शेवटी १९७३ मध्ये छापला. पहिलं चित्र कशाचं? पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं! पुढे इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्डनं चित्र झटपट काढायचं गणित दिलं. थर्ड इयरला आपण ज्या फूरिए ट्रान्सफॉर्मला शिव्या घातल्या, त्याच्याशिवाय यातलं काहीच चालत नाही. यंत्र फोटो काढतच नाही, ते फ्रिक्वेन्सींची यादी गोळा करतं आणि चित्र कॉम्प्युटर तयार करतो.

रेमंड दामादियन हा तिसरा गडी. १९७१ मध्ये त्यानं दाखवलं, की उंदरांमधल्या कर्कगाठीचा सिग्नल निरोगी पेशीपेक्षा वेगळा येतो. ३ जुलै १९७७ ला त्यानं स्वतः बांधलेल्या यंत्रात एका सहकाऱ्याला बसवून माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढलं. वेळ लागला जवळपास पाच तास. आधी तो स्वतःच बसला होता, पण अंगानं जाड असल्यामुळे सिग्नल मिळाला नाही. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं, दामादियनला नाही. त्यानं निषेधाच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रांत दिल्या. म्हणजे अप्रेझलचं दुखणं आपल्यालाच असतं असं नाही :)

या तंत्राचं मूळ नाव 'न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स'. दवाखान्यात येताना त्यातला 'न्यूक्लियर' गळाला, कारण लोक घाबरायचे. खरं तर इथला न्यूक्लियर म्हणजे निव्वळ अणूचा गर्भ. क्ष-किरणासारखा किरणोत्सार एमआरआयमध्ये नसतो. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांची अर्धी काळजी गेली.

आता प्रत्यक्ष स्कॅन. शनिवारी सकाळी सेंटरवर गेलो. आधी एक फॉर्म: पेसमेकर आहे का, शरीरात क्लिप, रॉड, स्क्रू आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. मग बेल्ट, घड्याळ, मोबाइल, पाकीट, किल्ल्या सगळं बाहेर. टेक्निशियन म्हणाला, "करदोटा पण काढा, त्याला पेटी आहे." मला हसू आलं, पण ही बाब हसण्यावारी न्यायची नाही. चुंबक कायम चालू असतो, रात्रीसुद्धा, स्कॅन चालू नसतानासुद्धा. दीड टेस्लाचा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारपटींहून जास्त. २०१४ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात दोन कर्मचारी ऑक्सिजन सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये चार तास अडकले होते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला तरुण नातेवाईक सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, आणि त्याचा जीव गेला. फॉर्मवरच्या प्रत्येक ओळीमागं असं काहीतरी आहे. तेव्हा खोटं किंवा घाईनं भरू नका.

झोपलो. गुडघ्याखाली उशी, कानाला हेडफोन, हातात रबरी फुगा. काही वाटलं तर दाबायचा. कंबरेचा स्कॅन असला तरी डोकं आत जातंच. छत नाकापासून वीतभर. डोळे आत जायच्या आधीच मिटून घ्या, हा माझा फुकटचा सल्ला. मग आवाज सुरू झाला. गुऱ्हाळावरचं जुनं इंजिन कुणी कानाशी आणून ठेवावं तसा. लॉटरबरची ती कमी-जास्त ताकद तयार करणाऱ्या तारांच्या गुंडाळ्या असतात. त्यांच्यातला प्रवाह झपाझप बदलतो, चुंबकात त्या हादरतात, आणि तो हादरा म्हणजे हा आवाज. दुखत काही नाही. फक्त पंचवीस मिनिटं हलायचं नाही. कंबरेच्या साध्या स्कॅनला बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. आधी ऑपरेशन झालं असेल किंवा गाठ, जंतुसंसर्ग यांची शंका असेल तरच.

हलायचं नाही म्हटल्यावर विचार करण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. मी रात्री वाचलेलं आठवत होतो. या चुंबकाच्या तारा द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ठेवलेल्या असतात, म्हणून त्यांच्यात विजेला विरोधच उरत नाही. जुन्या यंत्रात दीड-दोन हजार लिटर हेलियम असायचं. आणि या हेलियमचा पहिला मागमूस लागला कुठं? आपल्याच मुलखात!

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम अशी गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, कोल्हापूरपासून फार लांब नाही, लेफ्टनंट जॉन हर्शल वर्णपटमापक लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शलचा हा नातू. ऐन वेळी ढग आले, पण फटीतून त्याला सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशात तेजस्वी रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन हेच बघत होता. त्या नारिंगी-पिवळ्या रेघेला सगळे आधी सोडियमची समजले. ती सोडियमची नाही, हे ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडात बसून नॉर्मन लॉकियरनं ओळखलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्सेला सापडलं १८९५ मध्ये. म्हणजे क्ष-किरण आणि हेलियम एकाच वर्षी हाती आले.

गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गला गेलात तर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि हेलियम इथंच सापडलं असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिवसही होतो. लॉकियर विजयदुर्गावर आला होता हे खरं, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ साली तो इंग्लंडातच होता. मला यात किल्ल्याचा कमीपणा वाटत नाही. उलट जमखंडीला त्याचं श्रेय मिळावं एवढंच वाटतं. आणि आता तर ते हेलियमही सुटायला लागलंय. काही नवीन यंत्रांना जेमतेम सात लिटर पुरतं. २०२५ मध्ये चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसलेलं, बेंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सनं इथंच बनवलेलं यंत्र द्रवरूप हेलियमशिवाय चालतं.

"झालं साहेब, उठा."

संध्याकाळी रिपोर्ट. एल-फोर एल-फाइव्ह आणि एल-फाइव्ह एस-वन: डिसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर दाब, डावी नस जराशी दबलेली. मी दोनदा वाचलं. हातापायातलं बळ गेल्यासारखं झालं. अठ्ठावीसाव्या वर्षी 'डिजनरेटिव्ह'? पायातली कळ, शपथेवर सांगतो, रिपोर्ट वाचल्यावर वाढली.

मग पुन्हा जुने लॉग. १९९४ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. कंबर अजिबात दुखत नाही अशा ९८ जणांचा एमआरआय काढला. निम्म्याहून जास्त, ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीत बल्ज निघाला. सगळ्या चकत्या नॉर्मल असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये असेच ३,११० न दुखणारे लोक एकत्र मोजले गेले. तिशीतल्या ५२ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या, ४० टक्क्यांना बल्ज. ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्क्यांना. केस पिकावेत तसं हे आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर बिल्ड करताना चारशे वॉर्निंग येतात आणि प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. क्रॅश झाला म्हणून पहिल्याच वॉर्निंगला धरून बसलात, तर चुकीच्या फाइलमध्ये आठवडा जातो. तक्रार, तपासणी आणि चित्र तिन्ही जुळलं तरच चित्राला अर्थ.

सगळ्यात अंगावर आला तो कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा प्रयोग, २०२१ चा, डॉ. राजशेखरन यांच्या गटाचा. कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट. एकाला एमआरआयमधलं सगळं जसंच्या तसं समजावून सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं, की काळजीचं काही नाही, वयानुसार होणारे बदल आहेत. उपचार तेच. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचं दुखणं कमी बरं झालं होतं, आणि आपला मणका खराब आहे असं त्यांना जास्त वाटत होतं. चित्र बदललं नव्हतं, वाक्य बदललं होतं.

म्हणून एमआरआय काढूच नये का? तसं नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, ताप आहे, वजन घटतंय, आधी कर्करोग झालेला आहे, पडल्या-झडल्यानंतर दुखतंय, तर एक दिवसही थांबू नका. बाकी बहुतेक कंबरा काही आठवड्यांत आपोआप सुधारतात, म्हणून डॉक्टर साधारण सहा आठवडे वाट बघायला सांगतात. बाहेर आलेला गरसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसतो.

माझ्या डॉक्टरांनी चित्रं बघितली, परत पाय उचलून बघितला आणि म्हणाले, "ताकद चांगली आहे. चाला, व्यायाम शिका, खुर्चीतून दर अर्ध्या तासानं उठा. ऑपरेशनचा विषय नाही." यंदा पावनखिंड हुकली. आता कळ पोटरीपर्यंत जात नाही, आणि पुढच्या जुलैची सुट्टी मी टाकून ठेवलीय.

गेल्या रविवारी तात्यांकडे गेलो. माझी फिल्म खिडकीला धरून दाखवली: हा पांढरा तो पाण्याचा भाग, ही काळी पडलेली चकती. तात्यांनी न सांगता कपाटामागचं पाकीट काढलं आणि १९९१ चा एक्स-रे शेजारी धरला. मी म्हणालो, "तात्या, हा गॅप सगळ्यांनाच असतो. तिथं चकती असते, ती यात दिसत नाही." आणि बोलण्याच्या भरात हेही सांगून टाकलं, की १९८६ मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं, दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरते. १९९५ मध्ये हेलसिंकीला तर असं दिसलं, की झोपून राहिलेल्यांपेक्षा जमेल तसं रोजचं काम करत राहिलेले लवकर बरे झाले.

तात्या बराच वेळ एक्स-रेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग मी तालीम उगंच सोडली व्हय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांची चकती तेव्हा खरंच फुटलेली असेलही. त्या एक्स-रेतून ते कुणालाच सांगता आलं नसतं. ज्यांनी सांगितलं त्यांनी त्या काळच्या समजुतीनं, भल्यासाठीच सांगितलं असणार. हे सगळं मी बोललो, खरं ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तात्यांनी दोन्ही फिल्म नीट सारख्या केल्या. माझी माझ्या हातात दिली, त्यांची पाकिटात घातली. या वेळी पाकीट कपाटामागं गेलं नाही, टेबलावरच राहिलं. "चहा टाकायला सांग काकूला," म्हणाले, "आणि तुला तो व्यायाम शिकवलाय न्हवं, तो दाव जरा."